वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे : एका पायी प्रवासाची कथा

ज्यांनी राज्ये मिळविली, रणे गाजविली अथवा मोठमोठ्या संस्था उभारल्या, अशा पुरुषांची चरित्रे लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याने यांपैकी काहीएक केले नाही, जो केवळ घरचे कर्ज फिटावे म्हणून चार पैसे मिळविण्यास बाहेर पडला आणि जवळजवळ रिक्त हस्ताने घरी परतला, अशा एखाद्या साध्या माणसाचे चरित्रही कधी कधी देशाच्या इतिहासास उपकारक ठरते. वेदमूर्ती विष्णुभट गोडसे वरसईकर हे अशांपैकी एक होत. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी नावाने ऐकलेले असते, शाळेत त्यातील एखादा उतारा वाचलेलाही असतो. परंतु ते पुस्तक लिहिणारा गृहस्थ कोण, तो कोणत्या परिस्थितीत निघाला, काय कमावून आला आणि काय गमावून आला, याचा विचार क्वचितच केला जातो. तो करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील ज्ञातिबांधवांना विष्णुभटजी काही परके नव्हेत. खालापुरास लागून असलेल्या पेण तालुक्यात बाळगंगेच्या काठी वरसई हे गाव आहे. डोंगराच्या कुशीतील भातशेती, कौलारू घरे, वैजनाथाचे देऊळ आणि वेदाध्ययनाची परंपरा असलेली ब्राह्मणांची वस्ती, असे त्याचे जुने रूप. पूर्वी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९८१ सालापासून त्यास रायगड हे नाव प्राप्त झाले. या गावी गोडसे या चित्पावन कुटुंबात इ. स. १८२७ मध्ये विष्णुभटजींचा जन्म झाला. पेशवाई बुडून त्या वेळी अवघी नऊ वर्षे लोटली होती.

हा काळ ध्यानात घेतल्याशिवाय विष्णुभटजींच्या प्रवासाचे कारण उमगत नाही. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. कोकणातील भिक्षुकाचा संसार थोडीशी शेती, यजमानांची धर्मकृत्ये आणि ही दक्षिणा यांवर चालत असे. १८१८ साली राज्य गेले. इंग्रजांनी दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. परंतु ती हळूहळू आटत गेली. त्या निधीचा काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे आणि पुढे मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळविण्यात आला. हा बदल विद्येच्या दृष्टीने हितकारकच झाला, असे आज आपण म्हणू. परंतु ज्याची सारी विद्या वेदमंत्र आणि याज्ञिकी एवढ्यापुरती होती, त्याच्या घरची चूल मंदावली. घरात लग्नकार्ये निघत, सणवार येत, आणि प्रत्येक कार्यागणिक सावकाराच्या वहीतील आकडा वाढत जाई. गोडसे यांचे घर असेच कर्जात बुडालेले होते. तीस वर्षांचा कर्ता मुलगा घरी, आईबाप उतारवयाचे, पाठीशी संसार, आणि मिळकत तुटपुंजी. असा तो प्रसंग होता.

दक्षिणेत राज्य राहिले नव्हते, तरी उत्तरेत मराठ्यांच्या दौलती टिकून होत्या. ग्वाल्हेरीस शिंदे, इंदुरास होळकर, धारेस पवार आणि बुंदेलखंडात झाशीकर नेवाळकर या घराण्यांच्या आश्रयाने कित्येक दक्षिणी ब्राह्मण कुटुंबे तिकडे स्थायिक झाली होती. त्या भागास कोकणात सरसकट हिंदुस्थान असे म्हणत, आणि हिंदुस्थानात गेल्यास दैव उघडते अशी समजूत होती. अशा समयी एक वार्ता पसरली. दौलतराव शिंदे यांच्या विधवा पत्नी बायजाबाईसाहेब या मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपये दानधर्मात खर्च होणार, अशी ती वार्ता होती. बायजाबाई या कागलच्या घाटग्यांची कन्या. पतीच्या पश्चात त्यांनी काही वर्षे ग्वाल्हेरचा कारभारही पाहिला होता. त्यांच्या हातून होणाऱ्या यज्ञात वैदिकांचा सन्मान होणार, याविषयी कोणास संशय वाटला नाही. विष्णुभटजींनी जावयाचे ठरविले.

ठरविणे सोपे होते, घरच्यांचा निरोप घेणे कठीण होते. त्या काळी दूरदेशी गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. वाटेत ठग, रोगराई, नद्यांचे पूर. शिवाय हिंदुस्थानाविषयी नाना प्रकारच्या दंतकथा कोकणातील घरोघरी सांगितल्या जात. वडिलांचे मन तयार होईना, आईचे डोळे कोरडे होईनात. अखेर चुलते रामभट यांनी बरोबर जाण्याचे पत्करले आणि मग घरून संमती मिळाली. पैसा मिळो न मिळो, परत येताना गंगा घेऊन यावयाची आणि आईबापांस त्या पाण्याने स्नान घालावयाचे, ही इच्छा विष्णुभटजींनी मनाशी धरली होती. कर्ज फेडणे हा प्रवासाचा व्यवहार होता, गंगोदक आणणे हा धर्म होता. यांपैकी कोणते सिद्धीस गेले, हे पुढे दिसेलच.

१८५७ सालच्या वसंत ऋतूत काका-पुतणे वरसईहून निघाले. या वेळची आपल्या भागाची स्थिती मोठी मौजेची होती. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि १२ मे १८५६ रोजी ती कर्जतच्या बाजूने येऊन खोपोलीस पोहोचली. नाना फडणविसांनी बांधलेल्या तलावाच्या आणि महादेवाच्या देवळाच्या त्या गावी आता वाफेचे यंत्र धूर सोडीत उभे राहू लागले. परंतु घाट चढून जाणारा लोहमार्ग अद्याप झाला नव्हता. बोरघाटातील रूळ १८६३ साली पुरे झाले. तोपर्यंत खोपोलीस उतरणाऱ्याने पालखी, तट्टू अथवा स्वतःचे पाय यांवर विसंबून १८३० साली बांधलेल्या सडकेने खंडाळा गाठावयाचा, हाच क्रम होता. विष्णुभटजींची पिढी अशी दोन युगांच्या उंबरठ्यावर उभी होती. परंतु गाडीचे भाडे हा श्रीमंतांचा विषय. ज्याच्या कनवटीला मोजके रुपये, त्याला एकच वाहन ठाऊक होते, आणि ते देवाने जन्मतःच दिलेले होते.

आता या प्रवासाच्या रीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुणास ती कल्पनेतही आणणे कठीण आहे. पहाटे उठावे, ऊन चढेपर्यंत चालावे, नदीकाठ अथवा विहीर पाहून स्नानसंध्या करावी, सोवळ्यात स्वतःच्या हाताने भात शिजवावा, उन्हे कलल्यावर पुन्हा वाट धरावी आणि सायंकाळी देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा कोणा गृहस्थाच्या पडवीत अंग टाकावे. वाटेत कोणी संपन्न यजमान भेटल्यास मंत्रजागर, अनुष्ठान अथवा पूजा करून दक्षिणा मिळवावी. सोबत चालणारे यात्रेकरू आणि व्यापारी यांच्याकडून पुढील मार्गाची चौकशी करावी. एका मुक्कामी चार दिवस, दुसऱ्या मुक्कामी चार महिने, असेही होई. कारण पावसाळा आडवा येई, आजार आडवा येई, आणि या प्रवाशांच्या बाबतीत तर एक अख्खे युद्ध आडवे आले. अशा प्रवासास घाई ठाऊक नसते. ज्याला घाई नाही, त्यालाच गावोगावची माणसे, त्यांचे अन्न, त्यांची भाषा, त्यांची भीती आणि त्यांचा दिलदारपणा पाहावयास सवड मिळते.

सातपुड्याच्या बाजूने उत्तरेकडे जात असता त्यांची काही शिपायांशी गाठ पडली. पलटणीत असंतोष कसा माजला आहे, काडतुसांच्या चरबीवरून काय गवगवा झाला आहे, आणि थोडक्याच दिवसांत काय होणार आहे, हे त्या शिपायांकडून या दोघा भिक्षुकांच्या कानी आले. मीरतेस १० मे रोजी उठाव झालाच होता; महूच्या छावणीत तो १ जुलै रोजी झाला. महूच्या परिसरातील त्या धामधुमीत आमचे प्रवासी सापडले. शहाणा माणूस अशा वेळी माघारी फिरला असता. परंतु माघारी फिरून जावयाचे कोठे? घरी सावकार वाट पाहत होता. पुढे वणवा आणि मागे कर्ज अशा पेचात सापडलेल्या त्या दोघांनी दैवावर हवाला ठेवून पुढेच पाऊल टाकले. या एका निर्णयामुळे वरसईचा एक अप्रसिद्ध भिक्षुक मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अमर झाला. मात्र त्या घटकेस त्याच्या मनात अमरत्व नव्हते, घरची उपासमार होती.

उज्जैन, धार, ग्वाल्हेर अशी मजल दरमजल करीत ते चालले. ज्या यज्ञाच्या आशेने एवढी पायपीट केली, तो मथुरेचा यज्ञ त्या धुमाळीत राहून गेला. दिल्ली, आग्रा, कानपूर असा सारा मुलूख पेटलेला असता लाखोंची दक्षिणा कोण वाटणार! तथापि विद्येच्या बळावर त्यांना ठिकठिकाणी आश्रय मिळाला आणि थोडाबहुत पैसाही जमू लागला. पैसा जवळ बाळगावा तर लुटारूंचे भय आणि कोणाकडे ठेवावा तर ठेवून घेणाऱ्याचाच भरवसा नाही, अशी त्या दिवसांची अवस्था होती. अशा स्थितीत ते झाशीस येऊन पोहोचले.

गंगाधरराव नेवाळकर हे १८५३ साली निवर्तल्यावर इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली होती. परंतु १८५७ च्या जून महिन्यानंतर राज्याचा कारभार पुन्हा राणी लक्ष्मीबाई यांच्या हाती आला होता. विष्णुभटजी झाशीत राहिले ते याच अल्पकाळात. राणीसाहेबांचा दिनक्रम, व्यायामाची आणि घोड्यावर बसण्याची आवड, देवपूजा, दरबारात बसण्याची पद्धत, कधी स्त्रीवेष तर कधी पुरुषी पोशाख, न्यायनिवाड्यातील तडफ, याचे जे वर्णन त्यांनी पुढे केले, ते एका आश्रित ब्राह्मणाच्या डोळ्यांनी केलेले आहे. त्यात दरबारी भाटाची अतिशयोक्ती नाही आणि शत्रूचा द्वेषही नाही. झाशीत संस्थानचा मोठा ग्रंथसंग्रह होता. दूरदूरचे विद्वान ग्रंथ पाहण्यास आणि उतरून घेण्यास तेथे येत. त्या संग्रहाविषयी लिहिताना विष्णुभटजींचा जीव किती गुंतला होता, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

१८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीस वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा १ एप्रिलच्या सुमारास बेतवेकाठी मोड झाला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी इंग्रज फौज शहरात शिरली. राणी किल्ल्यातून निसटून काल्पीकडे गेली. मागे राहिले ते शहरातील रहिवासी. तोफांचे गोळे, घरोघर लागलेल्या आगी, पाण्याचे हाल, आणि शहर पडल्यावर झालेली सरसकट कत्तल व लूट यांत विष्णुभटजी अडकले होते. दडून बसून त्यांनी जीव वाचविला. परंतु काही महिन्यांच्या कष्टाने जमविलेला पैसा गेला. तो ग्रंथसंग्रहही नाश पावला. इंग्रज सेनापतींच्या खलित्यांत झाशीचा विजय वर्णिलेला आहे. रस्त्यांत पडलेल्या प्रेतांचा वास, विहिरींत उड्या टाकणारी माणसे आणि राखेचे ढीग झालेली घरे यांची हकीकत मात्र या कोकणी भिक्षुकाने लिहून ठेवली. ती लिहिली गेली नसती, तर त्या सामान्य माणसांचा आक्रोश कोणाच्याही दप्तरी जमा झाला नसता.

झाशीहून जीव घेऊन निघालेल्या विष्णुभटजींना काल्पीच्या वाटेवर जो योग आला, तो त्यांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य प्रसंग होय. एका विहिरीपाशी ते असताना पठाणी पोशाखातील, धुळीने माखलेली राणी घोड्यावरून तेथे आली. ती तहानेने व्याकुळ झाली होती. ब्राह्मणाने पाणी काढून देण्याची तयारी दाखविली. परंतु विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करवून घेणे तिला उचित वाटले नाही. तिने स्वतःच पाणी काढले, मातीच्या मडक्याने ती प्याली, दैवाच्या फेऱ्याविषयी चार शब्द बोलली आणि निघून गेली. पुढे थोड्याच दिवसांत, १८५८ च्या जून महिन्यात, ग्वाल्हेरीस तिने देह ठेवला. सिंहासनावरील राणीचे वर्णन करणारे पुष्कळ झाले. राज्य गेलेली, थकलेली, तरीही मर्यादा न सोडणारी राणी विहिरीच्या काठावर पाहण्याचे भाग्य या पायी चालणाऱ्या माणसास लाभले. जो पालखीतून अथवा लष्कराच्या तळाबरोबर जातो, त्याला असे दर्शन घडत नाही.

याच संदर्भात एका परकीय प्रवाशाची आठवण होते. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा नामांकित बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल हा १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानात आला आणि इंग्रज सरसेनापतीच्या तळाबरोबर राहून त्याने लखनौचा पाडाव पाहिला. तो न्यायी वृत्तीचा होता; स्वकीयांच्या क्रौर्याविषयीही त्याने नापसंती दर्शविली. परंतु त्याचा तंबू, त्याचे नोकर, त्याची तारायंत्राने जाणारी बातमी हे सारे विजेत्यांच्या बाजूला होते. विष्णुभटजींकडे तंबू नव्हता, वृत्तपत्र नव्हते, आपण काही लिहिणार आहोत ही कल्पनाही नव्हती. त्यामुळे जे दिसले ते स्मरणात जसेच्या तसे बसले. एकाच युद्धाची ही दोन दर्शने शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची तरुण वाचकांस शिफारस आहे.

सर्वस्व लुटले गेल्यावरही विष्णुभटजी तडक घराकडे वळले नाहीत. गंगा घेतल्याशिवाय आईबापांस तोंड कसे दाखवावे, हा प्रश्न होता. चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या, लखनौ, ब्रह्मावर्त अशी स्थळे पाहत, कधी आजाराने अंथरूण धरीत, कधी सैन्याच्या चौकीवर संशयाने अडविले जात, कधी कोणा दयाळू गृहस्थाच्या घरी चार घास खात त्यांनी ते दिवस काढले. नुकत्याच झालेल्या संहाराच्या खुणा लखनौ आणि ब्रह्मावर्त येथे सर्वत्र दिसत होत्या. नानासाहेबांचा ब्रह्मावर्त येथील वाडा इंग्रजांनी उद्ध्वस्त केला होता. पुण्यक्षेत्रांच्या यात्रेस निघालेल्या माणसास पावलोपावली पडकी घरे आणि ओसाड बाजार पाहावे लागले. तरीही त्यांची श्रद्धा ढळली नाही. अखेरीस त्यांनी गंगोदक भरून कावड खांद्यावर घेतली आणि दक्षिणेची वाट धरली.

कावडीचा प्रवास हा साध्या प्रवासाहून कठीण. पाणी सांडता कामा नये, सोवळे मोडता कामा नये, वाटेत भार कोणाच्या हाती देता येत नाही. उत्तर हिंदुस्थानातून नर्मदा, तापी, गोदावरी ओलांडून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत तो भार आणावयाचा होता. घर सोडल्यापासून सुमारे तीन वर्षांनी विष्णुभटजी वरसईस पोहोचले. जाऊन-येऊन झालेली चाल दोन हजार मैलांच्या आसपास तरी असावी. आईबाप हयात होते. बाळगंगेच्या काठी भागीरथीच्या पाण्याने त्या वृद्ध दांपत्यास स्नान घडले आणि पुत्राच्या मनातील इच्छा पूर्ण झाली.

आता हिशेब मांडू. ज्या कारणाने घर सोडले, ते सिद्धीस गेले नाही. कर्ज फेडण्याजोगे द्रव्य हाती आले नाही. व्यवहाराच्या वहीत हा प्रवास तोट्याचाच लिहावा लागेल. परंतु पदरी जे पडले, ते कोणत्याही सावकारास मोजता आले नसते. त्यांनी घेतलेला भार घरापर्यंत पोहोचविला. आणि त्याबरोबर, स्वतःसही नकळत, एका देशव्यापी प्रलयाची साक्ष ते आपल्या स्मरणात बांधून घेऊन आले. पुढची वीस-पंचवीस वर्षे ती साक्ष वरसईच्या ओटीवर गोष्टींच्या रूपाने सांगितली जात असेल, एवढेच.

तिला अक्षररूप मिळाले ते भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्यामुळे. वैद्य आणि गोडसे या घराण्यांचा जुना ऋणानुबंध होता. १८६१ साली जन्मलेले चिंतामणराव तरुणपणीच इतिहासाच्या छंदात पडले होते. त्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास विष्णुभटजींनी आपली हकीकत मोडी लिपीत लिहून काढली. बंडाच्या प्रसंगी राणीच्या आश्रयास राहिलेल्या माणसाने असे लिखाण प्रसिद्ध करणे त्या काळी निर्धोक नव्हते. म्हणून ते आपल्या हयातीत छापू नये, अशी त्यांची इच्छा होती. चिंतामणरावांनी ती पाळली आणि १९०७ साली, विष्णुभटजींच्या पश्चात, पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी भाषेवर बराच हात फिरविला होता आणि काही भाग गाळलाही होता. मूळ हस्तलिखित त्यांनी पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास दिले. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली. तेव्हा कोठे विष्णुभटजींची खरी बोली, त्यातील कोकणी वळणे आणि भिक्षुकी शब्दांसह, वाचकांस मिळाली. हिंदीत अमृतलाल नागर यांनी या ग्रंथाचा अनुवाद केला आणि पुढे इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली.

या ग्रंथाच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांनी जे मत दिले आहे, ते विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. कानपूर, ब्रह्मावर्त, दिल्ली येथील ज्या हकीकती विष्णुभटजींनी ऐकून लिहिल्या, त्यांत बाजारगप्पांची भेसळ आहे. तारखा आणि क्रमही कोठे कोठे चुकला आहे. पंचवीस वर्षांनी केवळ स्मरणावर लिहिणाऱ्याकडून याहून निराळी अपेक्षा धरता येत नाही. परंतु जे त्यांनी स्वतः पाहिले, ते झाशीचे दिवस, तो वेढा, ती लूट, त्या वाटा, ते मुक्काम, हा भाग अस्सल मोलाचा आहे. प्रस्तुत लेखकाने शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकविला. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद मुलांस समजावून देण्यास या पुस्तकाइतके सोयीचे साधन त्यास मराठीत दुसरे आढळले नाही.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहीत असता आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. विष्णुभटजींच्या अंगी धैर्य होते, पितृभक्ती होती, सत्य सांगण्याची वृत्ती होती, आणि या गुणांचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु कनवटीस पैसा नसताना ते तीन वर्षे फिरू शकले, याचे श्रेय केवळ त्यांच्या गुणांस नाही. त्यांच्या गळ्यातील जानवे आणि मुखातील मंत्र यांमुळे गावोगावच्या घरांची दारे त्यांच्यासाठी उघडत होती. पंक्तीत पान मांडले जात होते, देवळाची ओवरी मोकळी होत होती. त्याच सडकेवरून त्याच दिवसांत चालणाऱ्या कित्येक कष्टकऱ्यांना ओवरीची पायरीही चढता येत नव्हती, आणि गावच्या विहिरीचे पाणी मिळण्याची मुभा नव्हती. १८४८ साली ज्योतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून या बंद दारांना हात घातला होता. परंतु तो उजेड दूरवर पोहोचण्यास फार काळ लागावयाचा होता. थोर पुरुषांचे चरित्र वाचताना त्यांच्या वाट्यास आलेली सोयही ओळखावी. त्यामुळे त्यांचे मोठेपण उणे होत नाही. आपली जबाबदारी मात्र वाढते. जी दारे आपल्या पूर्वजांसाठी उघडली गेली, ती आपण इतरांसाठी उघडी ठेवली पाहिजेत. वाटसरूस पाणी देताना त्याची जात न विचारणे, हीच विष्णुभटजींच्या यजमानांच्या ऋणाची आजच्या काळातील फेड होय.

तसेच, या चरित्रात जिचे नावही क्वचित घेतले जाते, त्या त्यांच्या पत्नीचे आणि वृद्ध मातापित्यांचे स्मरण केले पाहिजे. तीन वर्षे पत्राचाही भरवसा नाही, मुलूखभर कत्तलीच्या वार्ता, दाराशी सावकार, अशा स्थितीत ज्यांनी घर सांभाळले, त्यांनीही एक प्रवास केला. फरक इतकाच की तो उंबरठ्याच्या आत झाला आणि त्याची बखर कोणी लिहिली नाही.

आजचा तरुण कर्जत स्थानकावर गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी काशीस उतरतो. ही सोय वाईट नव्हे. विष्णुभटजींना ती मिळती, तर त्यांनी ती आनंदाने स्वीकारली असती. परंतु स्थळ गाठणे वेगळे आणि वाट पाहणे वेगळे. ज्याला थोडी सवड काढता येईल, त्याने वर्षातून एकदा तरी मोजक्या पैशांत, एकट्याने अथवा एखाद्या सोबत्यासह, पायी निघावे. फार लांब जाण्याचे कारण नाही. खोपोलीच्या तलावापासून बोरघाटाच्या जुन्या सडकेपर्यंत, किंवा खालापुराहून वरसईपर्यंत चालून पाहावे; वाटेतील माणसांशी बोलावे, जे पाहिले ते रात्री वहीत लिहावे, आणि ऐकलेले निराळ्या पानावर लिहावे. आपल्या संस्थेने वरसई गावी दरवर्षी विद्यार्थ्यांची एक पायी सहल नेण्याचा आणि तेथे या ग्रंथाचे वाचन करण्याचा प्रघात पाडावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. ही सहल सर्व ज्ञातींच्या मुलांस खुली असावी, हे वेगळे सांगावयास नको.